मागच्या पानावर

लिलावाच्या वहीत पुढून मासळी, मागून माझी यादी.
बंदीचे दोन महिने पुढची पानं कोरी राहिली,
मागची भरत गेली.

चौतीस हजार.
तीन वर्षं हर्णैच्या वाळूत उभं राहून
दुसऱ्यांच्या पापलेटांचे आकडे लिहिले, त्यातून सुटलेले.
आई म्हणाली, एवढ्यात कानातले होतात.
होतात.
मला उत्तर सुचलं नाही, म्हणून प्रोसेसरचा भाव खोडला
आणि पुन्हा तोच लिहिला.

ग्राफिक्स कार्डाचा बाजार मात्र मला कळतो :
पापलेटाकडे बघायचं, हात बांगड्याला घालायचा,
आणि बांगडा आजचा की बर्फातला
ते कल्ला उघडून बघायचं.
खेडचं सायबर कॅफे बंद पडलं. मालक मुकादम
टेबलावर कार्ड ठेवून म्हणाला, बारा.
मी नऊ म्हणाले, त्याच्याकडे न बघता,
रेहाना मावशी टोपलीसमोर म्हणते तसं.
बा गॅस्केट घ्यायला सोबत आला होता.
त्याने कार्ड उचललं, बोटाने पंखा फिरवला,
कानाशी नेलं, डोळे मिटले.
चाळीस वर्षं बोटींची इंजिनं ऐकलेला कान.
"बेरिंग घासतंय. जाईल अजून दोन वर्षं."
मुकादम दहावर आला.

रॅमच्या दुकानात तो म्हणाला, दोन कशाला? एकच मोठी घे.
मी म्हटलं, बा, एका वल्ह्याने होडी कुठे जाते?
तो हसला. आठ-आठच्या दोन घेतल्या.

पॉवर सप्लायवर मात्र मी घसरले.
नऊशेचा होता, डब्यावर सोनेरी गरुड.
चार हजार दोनशेचा होता, डब्यावर काहीच नाही.
आणि आमच्याकडची वीज भरती-ओहोटीसारखी,
फक्त तिचं पंचांग कुणी छापत नाही.
बा मला म्हणाला, हे काय करतं?
म्हटलं, बाकीच्यांना जिवंत ठेवतं.
"मग त्यात काय बघतेस?
बोट जुनी चालेल, इंजिन जुनं चालेल, जाळं सांधून चालेल.
नांगराचा दोर नवा घ्यायचा."
आणि गप्प झाला.
कुठली रात्र आठवली ते मी विचारलं नाही.
गरुड परत फळीवर ठेवला.

कॅबिनेट घेतलंच नाही.
खाऱ्या वाऱ्यात पत्र्याला वर्षभरात फोड येतात,
आमच्या फ्रीजची पाठ बघा.
माशांचा निळा क्रेट घेतला, चारी बाजूंनी जाळी,
हवा खेळायला याहून चांगलं कोण बनवणार?
तीनदा लिंबाने धुतला.
तरी मशीन तापलं की खोलीत कोळंबीचा पुसट वास येतो.
पडदा पतसंस्थेतून निघालेला, डाव्या कोपऱ्यात
कुणाच्या तरी खात्याची सावली कायमची उमटलेली.

प्रोसेसरवर पेस्ट तांदळाच्या दाण्याएवढी. श्वास धरून.
बटण दाबलं. पंखे फिरले. पडदा काळा.
पुन्हा. काळा.
आई दारातून गेली, तिने कानातल्यांचं नाव काढलं नाही.
ते मला जास्त लागलं.
मग एक पट्टी अंगठ्याने रेटली,
खट् झालं, आणि उजेड आला.

नारळी पौर्णिमेला चार दिवस होते.
बाहेर बोटींना रंग चालू, आणि मी
बर्फाच्या रस्त्यावरून गाडी चालवत होते.
बर्फ मी रोज बघते, टनाच्या भावाने, फावड्याने भरलेला.
त्याच्यावरून कुणी वेगाने जाऊ शकतं
हे माहीत नव्हतं.

बा पाठीमागे येऊन उभा.
"किती घोड्यांचं?"
सहा कोअर, मी म्हटलं.
"सहा सिलिंडर." मान हलवली. "म्हणजे पिणार."
घाट, देवदार, उतारावरचं लाल वळण,
यातलं काहीच त्याने पाहिलं नाही.
वाकला, क्रेटला कान लावला.

"दोन वर्षं बोललो होतो ना?
दीडच धर."